अकरा ते चार

चाकणच्या कारखान्यात रिजेक्ट झालेला पार्ट लगेच भंगारात जात नाही. त्याला लाल टॅग लागतो, तो टेबलावर येतो आणि चार माणसं भोवती उभी राहून ‘असं का झालं?’ हे पुन्हा पुन्हा विचारतात. माझी नोकरी याच प्रश्नात गेली. कोलकात्याच्या आरती साहाचं 27 ऑगस्ट 1959चं अर्धं राहिलेलं पोहणं मी त्याच टेबलावर ठेवून बघतो.

वय अवघं अठरा. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून इंग्लिश खाडीत उतरायचं होतं, पण सोबतीची पायलट बोट वेळेवर आलीच नाही. सुटायला 40 मिनिटं उशीर झाला. निगडीहून चाळीस मिनिटं उशिरा निघालेला माणूस चाकणला चाळीसच मिनिटं उशिरा पोचतो का? तळेगाव चौकात तो शिफ्ट सुटायच्या गर्दीत सापडतो आणि सगळं गणितच फिरतं. खाडीचंही तसंच. तिथला भरती-ओहोटीचा ओढा साधारण सहा तासांनी उलटतो. म्हणून नकाशावरचं 33 किलोमीटरचं अंतर कुणीच सरळ कापत नाही, वाट नागमोडी जाते. किनारा गाठायची वेळ आणि ओढ्याची वेळ जुळावी लागते.

सकाळी अकरा वाजता इंग्लंड पाच मैलांच्या आत आलं होतं. तिथे उलटा ओढा लागला. दुपारी चारपर्यंत ती जेमतेम दोन मैल सरकली.

पाच तास, दोन मैल. या पोहण्याचा सगळा रस माझ्या मते इथे आहे. तलावात दमलो तरी समोरची भिंत जवळ येते. इथे हात तोच, श्वास तोच, आणि मान वर काढावी तर किनारा होता तिथेच. हात थांबले की मागे वाहून जायचं, म्हणजे आहे तिथे राहायलासुद्धा पोहायचं! तिची पुढे जायची तयारी होती. बोटवाल्याच्या आग्रहापुढे तिला थांबावं लागलं. मला त्या बोटवाल्याचा राग येत नाही. गार पाण्यात तासन् तास राहिलेल्या माणसाला आपली ताकद किती उरली हे नीट कळत नाही, ते बोटीवरूनच बघावं लागतं.

तेहेतिसाव्या दिवशी, 29 सप्टेंबरला, ती पुन्हा उतरली आणि 16 तास 20 मिनिटांत सँडगेटला लागली. खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री. पुढच्या वर्षी पद्मश्री. लोकांच्या लक्षात राहिलं ते हे पोहणं, आणि ते योग्यच आहे. पण तेहेतीस दिवसांत कुणाला नवे हात फुटत नाहीत. ते हात ऑगस्टमध्येच तयार होते, असं मी ठामपणे म्हणेन.

खाडीचा नियम असा, की बोटीचा आधार घेतला की पोहणं संपलं. अकरा ते चार, ती बोट सगळा वेळ तिच्या शेजारीच होती.