आमचा मारिओ सावकाश पळायचा

हेडफोन लावून 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं मूळ जपानी संगीत पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा वाटलं की कुणीतरी ते फास्ट करून टाकलंय. माझ्या कानातला मारिओ इतका घाईत नव्हता. तो मुक्ताईनगरचा होता, उन्हाळ्याच्या सुट्टीतला, कूलरच्या घरघरीतला. भुसावळच्या बाजारातून आणलेला टीव्ही गेम आणि '९९९९९९९ इन १' असं छापलेली पिवळी कॅसेट. आत मोजून आठ-दहा गेम, बाकी सगळी त्यांचीच उलटसुलट नावं.

आधी वाटलं, आठवणच चुकतेय. तसं नव्हतं.

हा गेम १९८५ साली जपानमध्ये निघाला, संगीत कोजी कोंडो यांचं. जपानी टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र उमटवतो, आपल्याकडचा ५० वेळा. या गेमचं संगीत चित्राच्या ठेक्यावर चालतं, दर चित्रामागे एक पाऊल. त्यामुळे आपल्या टीव्हीसाठी बनलेल्या नकली मशीनमध्ये लय सहाला पाच अशी मंदावायची. मारिओही तेवढाच मंद पळायचा. त्या चिपचं घड्याळ मात्र मूळच्या जवळपास ठेवलेलं असल्याने पट्टी फारशी उतरत नसे. म्हणजे टेप सुस्त झाल्यावर गाणं जसं घोगरं होतं तसं नाही. गाणारा तोच, सूरही तोच, फक्त निवांत बसून गातोय.

अजून एक गंमत. मूळ चिपमध्ये पाच आवाज: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक छोटे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारा. चौकोनी लहरीची रुंदी बदलली की आवाजाचा पोत बदलतो. एक पोकळ, भरीव, दुसरा सनईसारखा नाकातला. बऱ्याच नकली चिपांमध्ये यातल्या दोन रुंदींची अदलाबदल झालेली असे. कोंडोंनी जिथे पोकळ आवाज योजला, तिथे आमच्या खोलीत नाकातला वाजायचा. त्रिकोणी लहरीला तर आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, चालू किंवा बंद. त्यावर खर्जाची बाजू पेललेली. टीव्हीच्या वाटीएवढ्या स्पीकरमधून त्यातलं निम्मं आमच्यापर्यंत पोचतच नसणार.

मग आम्ही ऐकलं ते चुकीचं होतं का? मला तसं म्हणवत नाही. यूट्यूबवरची शुद्ध आवृत्तीही एका अर्थी अपुरीच आहे, कारण तिथे कुणी उडी मारत नाही. उडीचा आवाज एका चौकोनी लहरीची जागा घेतो, नाण्याचा दुसरीची. नाणं घेतलं की चालीतला एक पदर क्षणभर गळतो आणि पुन्हा येऊन मिळतो. कोंडोंची चाल हे सगळं सोसते, ही मला तिची सर्वात मोठी करामत वाटते. तुकडे इतके छोटे आणि ठसठशीत की मधले चार स्वर गेले तरी कान ते भरून काढतो. पाण्याखालची चाल तीन मात्रांच्या वॉल्ट्झची. तिथे मारिओ तरंगतो आणि तुमचा अंगठाही नकळत त्या ठेक्यावर दाबायला लागतो. तुलनेने किल्ल्याची चाल मला नेहमीच उगाच गोल गोल फिरणारी वाटत आली. घाबरवते, पण कंटाळवाणीही आहे.

आणि हे सगळं ४० केबीत! व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो बहुधा याहून जड असतो.

२०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही चाल राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली, व्हिडिओ गेमच्या संगीतातली पहिलीच. आनंद झाला. पण तिथे जतन झालेली लय आमची नाही. जळगाव-धुळ्याकडच्या किती घरांत ती मंद, नाकातली चाल वाजली असेल, त्याची नोंद कुठल्या वहीत?

परवा एका एम्युलेटरमध्ये नकली मशीनचा ५० हर्ट्झचा पर्याय सापडला, शेजारी लहरींची अदलाबदल करायचाही. दोन्ही सुरू केले. धाकटा भाऊ आतल्या खोलीतून ओरडला, "आवाज वाढव ना रे भो!" वाढवला. वेळेचा आकडा शंभरावर आला, चालीने नेहमीसारखी धाव घेतली, आणि आम्ही दोघंही सवयीने वर पंख्याकडे पाहिलं. लाइट जायची वेळ हीच असायची.