तंबोऱ्याची जवारी आणि रेणूचा जोड

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याला जवारी लावताना आपण कधी पाहिले आहे का? कारागीर घोडीचा माथा कानशीने किंचित घासतो, तार छेडून ऐकतो आणि पुन्हा घासतो. भोपळा तोच, तारही तीच. पण तार घोडीला जेथे टेकते तेथे केसभर फरक पडला तरी आवाज बदलतो. पंकज सेखसरिया यांचे ‘इन्स्ट्रुमेंटल लाइव्ज’ (रटलेज, २०१९) हे इंग्रजी पुस्तक वाचताना ही जवारी वारंवार आठवली.

हे पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील एका प्रयोगशाळेचे चरित्र आहे. प्रा. सी. व्ही. धर्माधिकारी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे पंचवीस वर्षे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप स्वतः बनवले. देशात बनलेल्या अशा पहिल्या उपकरणांत त्यांची गणना होते. मोडीत निघालेल्या संगणकांतील मोटारी, टायरच्या ट्यूबा, स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची भांडी असे साहित्य त्यांत वापरले गेले. त्यांवरील संशोधन मात्र जगातील मान्यवर नियतकालिकांत छापले गेले. मुलाखती आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांतून लेखकाने हे सारे बारकाईने टिपले आहे. शोधनिबंधांत न दिसणारे श्रम येथे दिसतात, हे पुस्तकाचे मोठे यश होय.

आमचा आक्षेप ‘जुगाड’ या शब्दाला आहे. लेखक त्याला प्रतिष्ठा मिळवून देऊ पाहतो, पण मराठी कानाला त्यात वेळ मारून नेणेच ऐकू येते. या उपकरणात धातूची सुई आणि खालचा पृष्ठभाग यांत एक नॅनोमीटरच्या आसपास अंतर असते. मधली पोकळी इलेक्ट्रॉन टनेलिंगने, म्हणजे जणू बोगद्यातून, पार करतात. हे अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले की प्रवाह साधारण दहापटीने घटतो. रस्त्यावरून मालमोटार गेली तरी इमारत याच्या कितीतरी पट हलते! तेव्हा हवा भरलेली मऊ ट्यूब कंपने अडवते ती नियमांनुसार, नशिबाने नव्हे. जवारीला कोणी जुगाड म्हणत नाही. मग याला का म्हणावे?

दुसरी गोष्ट. पुस्तकाचा रोख समाजशास्त्राकडे असल्याने इलेक्ट्रॉनचे वर्तन शिक्षकांनीच वर्गात सांगावे लागेल. सुई आणि पृष्ठभाग यांमध्ये एखादा रेणू जोडला, तर तो बारीक तारेसारखा वागेल असे विद्यार्थ्यांना वाटते. तसे होत नाही. तारेची लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो. टनेलिंगने वहन होणाऱ्या रेणूत मात्र लांबीत थोडी थोडी भर घातली की रोध दर वेळी काही पटींनी वाढतो. शिवाय रेणूतून इलेक्ट्रॉन एकाच मार्गाने, अजिबात अडथळा न होता गेले, तरी सुमारे १२,९०० ओहम रोध उरतो. हा रोध रेणूतला नसून धातूशी असलेल्या जोडांपाशीचा आहे.

एकच रेणू विद्युत्प्रवाह एका दिशेने जाऊ देईल, ही कल्पना अविराम आणि रॅटनर यांनी १९७४ मध्ये मांडली. पुढे १९९७ मध्ये रीड आणि सहकाऱ्यांनी दोन्ही टोकांना गंधकाने सोन्याशी जोडलेल्या बेंझीनच्या रेणूतील वहन मोजले. त्याच रेणूवर इतरांनी केलेल्या मोजमापांत मात्र कित्येक पटींचा फरक आढळला, कारण सोन्याशी जोड दर वेळी सारखा जमत नाही. मोजलेला आकडा रेणूचा की जोडाचा, हा प्रश्न ज्याने उपकरण खोलून पाहिले आहे त्याला लवकर सुचतो. पुण्यातील या प्रयोगशाळेचे मोल आम्हांला येथे वाटते, आणि म्हणून हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे.

ओहमचा नियम शिकवताना एकदा जोडणीचा चिमटा मुद्दाम सैल करावा आणि अमीटरचा काटा मुलांना पाहू द्यावा. मग विचारावे: तार एका रेणूएवढीच असती तर?