पिवळे रुमाल फार झाले का?

आधी एक खुलासा. खाली जिथे जिथे फुटबॉल म्हटलंय, तो मेस्सीचा नव्हे. ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो तो, आपण इथे राहायला आल्यावर शेजाऱ्यांमुळे, ऑफिसमुळे किंवा मुलांमुळे बघायला लागलो तो, एनएफएलचा.

या खेळाबद्दलची एक तक्रार तुम्हीही कधी ना कधी केली असेल. तुमच्या टीमच्या रिसीव्हरने साठ यार्ड पळत टचडाउन केला, सोफ्यावरचे सगळे उठून उभे राहिले, आणि तेवढ्यात पडद्याच्या कडेला पिवळी अक्षरं उमटली. फ्लॅग. कुणी एक लाइनमन समोरच्याची जर्सी धरून बसला होता. टचडाउन रद्द, चेंडू दहा यार्ड मागे. मग घरातला एक तरी माणूस म्हणतोच, हे रेफ्री खेळूच देत नाहीत! भारतातून आलेल्या एका काकांनी आमच्याकडे हा खेळ पहिल्यांदा बघताना विचारलं होतं, "अरे, मारलं म्हणून शिक्षा आहे, की नियमात बसेल असं मारलं नाही म्हणून?" दुसरं, काका.

माझं मत सांगून टाकतो. पेनल्ट्या फार होत नाहीत. काही पेनल्ट्यांची किंमत फार आहे, आणि ती किंमत रेफ्री ठरवत नाहीत.

संख्येचं आधी उरकू. दोन्ही टीम मिळून एका सामन्यात साधारण बारा ते चौदा पेनल्ट्या लागू होतात. किक वगैरे धरून सामन्यात दीडशेच्या आसपास प्ले होतात. म्हणजे दहा-बारा प्लेंमागे एक पेनल्टी. बावीस धिप्पाड माणसं एकमेकांवर धडकत असताना हे प्रमाण मला तरी जास्त वाटत नाही. सामना रेंगाळतो, हे खरं आहे. तीन तासांहून जास्त वेळ चालणाऱ्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटं. पण उरलेला वेळ पिवळ्या रुमालांनी खाल्लेला नाही. टचडाउननंतर जाहिराती, मग किकऑफ, मग पुन्हा जाहिराती हा क्रम तुम्हाला पाठ असेल. त्याबद्दल रेफ्रीला कोणी शिव्या देत नाही.

आता होल्डिंग. या खेळातलं उघड गुपित म्हणजे होल्डिंग जवळजवळ प्रत्येक प्लेला कुठेतरी होतच असतं. लाइनमनने समोरच्याच्या छातीवर हात ठेवून ढकललं तर चालतं. हात बाहेर गेले, मूठ वळली आणि माणूस अडकला, की गुन्हा. या दोन्हींमधलं अंतर काही इंचांचं आणि अर्ध्या सेकंदाचं. प्रत्येक वेळी रुमाल टाकायचा म्हटलं तर सामना सोमवारीही संपणार नाही. म्हणून रेफ्री बघतो की त्या धरण्याचा प्लेवर परिणाम झाला का. म्हणजे पेनल्टी किती द्यायच्या हा प्रश्न मुळातच तारतम्याचा आहे, आणि हे तारतम्य त्याला वरून शिकवलं जातं.

याचं उत्तम उदाहरण २०१९ चा सीझन. होल्डिंगवर कडक राहा असा आदेश लीगने दिला होता आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होल्डिंगचे रुमाल धडाधड पडायला लागले. १९ सप्टेंबरच्या टायटन्स-जॅग्वार्स सामन्याच्या वेळी घरी बसलेल्या टॉम ब्रेडीने ट्विट केलं की या पेनल्ट्या बघवत नाहीत, मी टीव्ही बंद करतोय. लगेच लीगने रेफ्रींना फोनवरून कळवलं, ढळढळीत असेल तेव्हाच होल्डिंग द्या. रुमाल कमी झाले. पुढच्या, २०२० च्या सीझनमध्ये तर होल्डिंग आणखी खाली आलं आणि त्या वर्षी प्रत्येक टीमने सामन्यामागे सरासरी २४.८ गुण केले, हा तोवरचा उच्चांक. (ते कोविडचं वर्ष होतं, स्टेडियम रिकामी होती, क्वार्टरबॅकचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, त्यामुळे सगळं श्रेय होल्डिंगला देऊ नका.) रेफ्री तेच होते, खेळाडू बहुतेक तेच आणि नियमाचा मजकूरही तोच. फिरला फक्त नळ, आणि तो नळ रेफ्रीच्या हातात नाही.

नळ फिरवते ती लीगची कॉम्पिटिशन कमिटी, आणि तिच्या मागे टीमचे मालक. गेली जवळपास पन्नास वर्षं तो एकाच दिशेने फिरतोय. १९७८ मध्ये बचाव करणाऱ्याने रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे धक्के मारू नयेत असा नियम आला. पिट्सबर्गच्या मेल ब्लाउंटने रिसीव्हर मंडळींना इतकं हैराण केलं होतं की लोक त्या नियमाला त्याच्याच नावाने ओळखतात. पेट्रियट्सच्या बचावफळीने पेटन मॅनिंगच्या रिसीव्हरांना धरधरून हरवलं, त्यानंतर २००४ मध्ये तोच नियम पुन्हा कडक झाला. सिएटलने सुपर बोल जिंकल्यावर २०१४ मध्ये पुन्हा एकदा. दर वेळी फायदा पास फेकणाऱ्याचा, कारण पासने गुण होतात आणि गुणांनी प्रेक्षक टिकतो. यात काही पाप नाही. फक्त शिव्या योग्य पत्त्यावर जाव्यात.

क्वार्टरबॅकला जपण्याच्या पेनल्टीबद्दल, म्हणजे रफिंग द पासरबद्दल, माझ्या मनात दोन वेगळे हिशेब आहेत. डोकं आणि मान वाचवणारा प्रत्येक रुमाल मला मान्य आहे, दहा ज्यादा पडले तरी. निवृत्त खेळाडूंच्या मेंदूंची जी अवस्था डॉक्टरांनी दाखवून दिली आहे, ती वाचल्यावर "पूर्वी कसे मर्दासारखे खेळायचे" ही भाषा मला ऐकवत नाही. हायस्कूलमधला मुलगा फुटबॉल टीममध्ये जातो म्हणाला की आपल्यातल्या कितीतरी आईवडिलांची झोप उडते, ती काही उगाच नाही.

पण अंगाच्या वजनाचा नियम घ्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये अँथनी बारच्या टॅकलमध्ये ॲरन रॉजर्सचं कॉलरबोन मोडलं. पुढच्या वर्षी लीगने बजावलं, क्वार्टरबॅकला पाडताना सगळं वजन त्याच्या अंगावर टाकायचं नाही. ऐकायला ठीक. आता सव्वाशे किलोचा माणूस पूर्ण वेगात येऊन दुसऱ्याला मिठी मारतो, दोघं हवेत आहेत. वजन कुठे टाकावं ते त्याने कसं ठरवायचं? २०१८ च्या पहिल्या तिन्ही सामन्यांत क्ले मॅथ्यूजला ही पेनल्टी बसली. मायामीच्या विल्यम हेजने डेरेक कारला पाडताना स्वतःचं वजन बाजूला घ्यायचा प्रयत्न केला आणि गुडघ्याचा लिगामेंट फाडून घेतला. त्याचा सीझन संपला. क्वार्टरबॅकला जपायला केलेल्या नियमाने दुसऱ्याचा गुडघा घेतला, आणि या गुडघ्यासाठी नियमपुस्तकात काही नाही.

२०२२ मध्ये हेच पुन्हा झालं. सप्टेंबरअखेर तुआ टॅगोवायलोआ डोक्यावर आपटला आणि मैदानात आखडलेल्या बोटांनी पडलेला तो तरुण सगळ्या देशाने पाहिला. पुढच्याच आठवड्यात अटलांटाच्या ग्रेडी जॅरेटने ब्रेडीला अगदी साध्या पद्धतीने पाडलं, तरी रुमाल पडला. अटलांटा २१-१५ ने मागे होतं आणि चेंडू परत मिळण्याची आशा तिथे संपली. दुसऱ्या दिवशी कॅन्सस सिटीच्या क्रिस जोन्सने कारला पाडता पाडता चेंडू काढून घेतला. चेंडू जोन्सच्या हातात, आणि पेनल्टीही जोन्सवरच! पंधरा यार्ड आणि पहिला डाउन. तुआच्या दुखापतीने हादरलेल्या लीगमध्ये रेफ्री घाबरून रुमाल टाकत होते, असंच मला ते सामने बघताना वाटलं. डोक्याचा प्रश्न होता आणि उत्तर खांद्याखालच्या टॅकलमध्ये शोधलं जात होतं.

किमतीचा प्रश्न सगळ्यात जास्त टोचतो तो पास इंटरफिअरन्समध्ये. बचाव करणाऱ्याने चेंडू यायच्या आधी रिसीव्हरला अडवलं, तर एनएफएलमध्ये चेंडू थेट त्या जागी जातो, मग ती जागा पन्नास यार्ड पुढे का असेना. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये हीच शिक्षा जास्तीत जास्त पंधरा यार्ड. म्हणून एनएफएलमध्ये एक चलाख धंदा चालतो: क्वार्टरबॅकने लांबचा पास मुद्दाम थोडा अपुरा टाकायचा, रिसीव्हरने थबकायचं, मागून धावत येणारा बचावपटू त्याच्यावर आदळतो, आणि चाळीस यार्ड फुकट. आपल्या खो-खोत फाउल झाला की पंचाची शिट्टी वाजते, धावणाऱ्याला उलट फिरून तो फाउल सोडवावा लागतो. चुकीचा फायदा मिळत नाही, पण डावही जात नाही. शिक्षा चुकीच्या मापाची असते. इथे मापच हरवलंय.

याच नियमाने न्यू ऑर्लीन्सचं २० जानेवारी २०१९ ला जे केलं ते तुम्ही पाहिलं असेल. २०-२० अशी बरोबरी, दोन मिनिटांहून कमी वेळ शिल्लक, आणि रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन चेंडू यायच्या कितीतरी आधी टॉमीली लुइसवर धडकला. रुमाल पडला नाही. रॅम्स ज्यादा वेळेत २६-२३ ने जिंकले आणि सुपर बोलला गेले. हेल्मेटने धडक दिल्याबद्दल रोबी-कोलमनला नंतर दंडही झाला. म्हणजे ज्या टक्करीला मैदानात शिक्षा नव्हती, तिचं बिल घरी आलं.

मग लीगने काय केलं? २०१९ साठी पास इंटरफिअरन्सही व्हिडिओवर तपासायची सोय केली, आणि एका वर्षात ती गुंडाळली. ते होणारच होतं. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं आहोत; रनआउट कॅमेऱ्याने दिसतो हे आपल्याला कळतं, कारण तिथे रेघ आहे. धक्का जरा जास्त होता का, याला रेघ नाही. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या माणसाला तोच धक्का दहा वेळा दाखवला तरी त्याचं मत हे मतच राहणार.

फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये याच्या नेमकं उलट झालं. ३५-३५, दोन मिनिटांहून कमी वेळ, थर्ड अँड एट. फिलाडेल्फियाच्या जेम्स ब्रॅडबेरीने जुजू स्मिथ-शुस्टरची जर्सी किंचित ओढली. रुमाल पडला. चीफ्सनी वेळ खाल्ला, शेवटच्या क्षणांत फील्ड गोल मारला, ३८-३५. फिलाडेल्फियाचा संताप तुम्हाला आठवत असेल. पण सामना संपल्यावर खुद्द ब्रॅडबेरीने सांगितलं की होल्डिंग होतं, मी जर्सी ओढली. शेवटच्या दोन मिनिटांत नियम वेगळा असावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी न्यू ऑर्लीन्सच्या माणसाला जाऊन विचारावं.

तरी त्या रुमालाची किंमत मला पटत नाही. बचावाच्या होल्डिंगला पाच यार्ड आणि शिवाय आपोआप पहिला डाउन, हे गणित विचित्र आहे. पहिला डाउन काढून टाका आणि पाचाचे दहा यार्ड करा. थर्ड अँड एटला मग हल्ला करणाऱ्यांना पहिला डाउन तसाही मिळेल, ब्रॅडबेरीची शिक्षा तीच राहील. पण थर्ड अँड ट्वेंटीला एका चिमटीएवढ्या जर्सीसाठी सगळी मेहनत वाया जाणार नाही. पास इंटरफिअरन्सचंही तसंच: नेहमीच्या धडपडीला पंधरा यार्ड, मुद्दाम माणूस पाडला तर चेंडू त्या जागी. मुद्दाम काय आणि नकळत काय हे ठरवणं अवघड आहे म्हणाल, तर रेफ्री आजही दर रविवारी त्याहून अवघड गोष्टी ठरवतातच.

आणि हे ठरवणारे कोण? वर्षाला वीस अब्ज डॉलरहून जास्त मिळवणाऱ्या लीगचे बहुतेक रेफ्री अर्धवेळ काम करत आले आहेत. दंडांवरून घराघरांत ओळखला जाणारा एड हॉक्युली वकिली करायचा, वॉल्ट अँडरसन दाताचा डॉक्टर होता. दोघंही आपल्या कामात चोख. पण अर्धवेळ ते अर्धवेळच. २०१२ मध्ये पेन्शनच्या वादातून लीगने या लोकांना बाहेर ठेवून बदली रेफ्री आणले, तेव्हा सिएटल-ग्रीन बे सामन्याच्या शेवटच्या प्लेला एकाच कॅचवर दोन पंचांनी दोन वेगवेगळे इशारे केले. तीन दिवसांत जुने रेफ्री मैदानात परत होते. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने राज्यांना खेळांवरची बेटिंग कायदेशीर करायची मोकळीक मिळाली. आता प्रत्येक रुमालावर कुणाचे तरी पैसे लागलेले असतात आणि प्रत्येक चुकीच्या रुमालामागे कुणाला तरी डाव दिसतो. पूर्णवेळ पगार दिल्याने माणूस अचूक होत नाही, हे मान्य. पण लीगला परवडत नाही म्हणून ते होत नाही, असं निदान कोणी म्हणू नये.

पुढच्या रविवारी एक करून बघा. चेंडू निघाल्यावर क्वार्टरबॅककडे बघू नका, दोन-तीन प्ले फक्त डाव्या टॅकलच्या हातांकडे बघा. मूठ कधी वळते, कधी सुटते, आणि जवळ उभ्या पांढऱ्या टोपीवाल्याचा हात कमरेकडे जातो का ते.