थिनरचा डबा आणि संशोधनाची बाटली

(भंडारा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे. औद्योगिक द्रावके आणि पेट्रोलियम रसायने यांच्या विषारीपणावरचे संशोधन. आता 'द्रावक' हा शब्द आपल्या जिल्ह्यात कोणी बोलत नाही. गॅरेजमध्ये त्याला थिनर म्हणतात, फर्निचरवाला टर्पेंटाइन म्हणतो, पंक्चरच्या दुकानात ते सोल्युशन असतं. आणि राईस मिलवाल्याला विचारलं, भाऊ, कोंडा कुठं जाते, तर तो सांगतो, सॉल्व्हंटला. तिथं कोंड्यातलं तेल काढायला हेक्झेन वापरतात. नावं वेगळी, पण गोतावळा बराचसा एकच, खनिज तेलाच्या घरातला.

आम्ही काही जण गेलं वर्षभर या विषयावरचे शोधनिबंध मिळतील तसे वाचतो आहोत. आम्ही प्रयोगशाळेतली माणसं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण पुस्तकाची समीक्षा लेखकच करतो असं थोडंच आहे? वाचणाऱ्यानं विचारायचा प्रश्न साधा असतो: हे लिहिलं कोणासाठी, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस यात आहे का?

२४ जानेवारी २०२५ ची सकाळ इथल्या कोणालाच विसरता येणार नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि ८ कामगार गेले. संध्याकाळपर्यंत देशभर बातमी होती. आज आम्ही त्या स्फोटाबद्दल बोलणार नाही. त्याची आठवण एवढ्यासाठी काढली की स्फोटाला तारीख असते, जागा असते, मोजता येणारी माणसं असतात. महामार्गालगतच्या गॅरेजांमध्ये वीस वर्षं ट्रक रंगवणाऱ्याच्या अंगात जे होतं, त्याला यातलं काहीच नसतं. ते दाखवायला संशोधनच लागतं. म्हणून ते संशोधन कसं आहे, याची विचारपूस करायचा आपल्याला हक्क आहे.

बहुतेक संशोधन बाटलीपासून सुरू होतं. बाटलीत एक शुद्ध पदार्थ. टोल्युइन असेल तर फक्त टोल्युइन. तो उंदराला ठरावीक तास हुंगायला द्यायचा, मग किती पीपीएमला काय झालं ते लिहायचं. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. त्यावरून माणसासाठी मर्यादा ठरते. ही मर्यादा दिवसाला ८ तास, आठवड्याला ४० तास असं धरून काढलेली असते. जगभर जिचा आधार घेतला जातो ती यादी अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची एक संघटना १९४६ पासून काढते आहे. १९८८ मध्ये कॅसलमन आणि झीम या दोघांनी ती यादी उकरून पाहिली, तेव्हा शंभराहून अधिक पदार्थांच्या मर्यादांमागे कंपन्यांची न छापलेली माहिती निघाली. म्हणजे ज्याचा माल, त्याचंच माप.

बरं, माप प्रामाणिक आहे असं धरू. तरी ते आपल्या पेंटरला लागू कसं करायचं? मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसला टेकतो. उन्हात थिनर भराभर उडतं, अंगमेहनतीचं काम करणारा माणूस श्वास जास्त घेतो, म्हणजे तीच हवा त्याच्या रक्तात जास्त उतरते. दिवस आठ तासांचा नाही, आठवडा चाळीस तासांचा तर नाहीच. आणि मुख्य म्हणजे डब्यात एक पदार्थ नाही. आम्ही बाजारात सुटं थिनर पाहिलं. टोल्युइन किती, झायलीन किती, बेन्झीन आहे की नाही, डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "चांगलं आहे जी, लवकर सुकते."

मिश्रणाचा प्रश्न बारीकसारीक नाही. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरोघरी चपला चिकटवणाऱ्या कामगारांचे हातपाय बधिर होऊ लागले, चालणं जड झालं. कारण निघालं गोंदातलं हेक्झेन. पुढं बाटलीवाल्या संशोधनानंच शोधलं की यकृतात हेक्झेनचं २,५-हेक्झेनडायोन बनतं आणि ते हातापायांच्या लांब नसा खराब करतं. हे काम उत्तम आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण पुढची गोष्ट ऐका. पश्चिम बर्लिनमध्ये काही तरुण नशेसाठी थिनर हुंगत असत. सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्या थिनरचा फॉर्म्युला बदलला. हेक्झेन कमी केलं आणि मिथाइल इथाइल कीटोन घातलं. त्यानंतर तरुण एकामागून एक लुळे पडू लागले. हे कीटोन एकटं असताना नसांना तसं काही करत नाही. हेक्झेनसोबत आलं की हेक्झेनचं विष वाढवतं. दोन बाटल्या वेगवेगळ्या तपासून हे कधीच कळलं नसतं. ते कळलं कारण एका दवाखान्यात एकसारखे रुग्ण आले आणि डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही हुंगता ते नेमकं काय?

इस्तंबूलच्या मुझफ्फर अक्सोय यांचं काम आम्हाला या सगळ्या वाचनात सर्वात मोलाचं वाटलं, ते याचसाठी. ते रक्तविकारांचे डॉक्टर. त्यांच्याकडे चपला-बूट शिवणारे कारागीर येत, लहान खोल्यांत बेन्झीनचा गोंद लावणारे. १९७४ मध्ये त्यांनी २६ रुग्णांची नोंद छापली, रक्ताचा कर्करोग झालेले किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे, सुमारे २८,५०० कारागिरांमधले. यात दोष आहेत. अंश पक्का, छेद कच्चा. कारागीर नेमके किती, कोणी किती बेन्झीन ओढलं, हे अंदाजानं. टीकाकारांनी यावरच बोट ठेवलं. पण आम्ही विचारतो, छेद पक्का होईपर्यंत अक्सोय थांबले असते तर? बेन्झीन बंद होत गेलं तसे नवे रुग्णही कमी झाले, हे त्यांनीच पुढं नोंदवलं.

उलट बाजूला पाहा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटसाठी १९४८ मध्ये तयार झालेल्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की बेन्झीनची पूर्णपणे सुरक्षित पातळी शून्य हीच मानली जाते. त्याच अहवालात शिफारस मात्र ५० पीपीएमची! अमेरिकेच्या सरकारनं १९७८ मध्ये १ पीपीएमचा नियम काढला, तेल उद्योग कोर्टात गेला, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, आणि १९८७ ला तोच आकडा परत आला. मधली नऊ वर्षं पुरावा पुरेसा आहे का यावर गेली. आणि २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात चीनच्या त्येनचिनजवळचे २५० चप्पल-कामगार आणि १४० इतर माणसं तपासली, तर १ पीपीएमच्या खालीसुद्धा पांढऱ्या पेशी कमी झालेल्या सापडल्या. लक्षात घ्या, पेशी मोजणं म्हणजे साधी सीबीसी. आपल्या गांधी चौकातल्या कुठल्याही लॅबमध्ये होते ती. त्यांनी हवा काटेकोर मोजली, ते महागडं होतं. पण निम्मा पुरावा त्या साध्या चिठ्ठीतच होता.

आता आपल्याकडचे निबंध. यावर आम्हाला थोडं कडक बोलावं लागेल. लखनौला विषशास्त्राची संस्था १९६५ पासून आहे, अहमदाबादला व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे, नागपूरला नीरी आहे, इथून साठेक किलोमीटरवर. संस्था कमी नाहीत. पण पेट्रोल पंपावरच्या कामगारांवरचे म्हणून जे छोटे निबंध आम्ही वाचले, त्यांतल्या बऱ्याच निबंधांचा साचा एकच. पन्नासेक पंपवाले, पन्नासेक इतर, गालाच्या आतल्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, फरक सापडला, आणखी संशोधन हवं. हवेत बेन्झीन किती, मोजलेलं नाही. तो माणूस पंपावर येण्याआधी काय करत होता, विचारलेलं नाही. दोन वर्षांनी त्याचं काय झालं, कोणी गेलेलं नाही. मार्च २०२५ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं पेट्रोललाच माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. आता 'फरक सापडला' एवढ्यानं कोणाचं भागणार आहे?

याच संस्थेनं १९८९ मध्ये एक गोष्ट केली, ती आम्हाला फार पटते. तिनं रंगाऱ्याचा अख्खा व्यवसायच पहिल्या गटात घातला. कोणता थेंब दोषी ते ठरायची वाट पाहिली नाही. धंद्यापासून सुरुवात केली की उत्तर धंद्याच्या मापाचं मिळतं.

कायद्याचं थोडक्यात. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत बेन्झीनची विषबाधा होती. असा रुग्ण दिसला तर डॉक्टरनं कळवायचं असायचं. पण त्या कायद्यात कारखाना म्हणजे विजेवर चालणारा आणि किमान १० कामगारांचा होता. २०२० च्या संहितेनं तो आकडा २० केला. आपलं गॅरेज म्हणजे एक मिस्त्री, दोन पोरं आणि एक कॉम्प्रेसर. म्हणजे ते कायद्यालाही दिसत नाही आणि निबंधालाही नाही.

एका गॅरेजमध्ये आम्ही बसलो होतो. पेंटर पन्नाशीचा. म्हणाला, "वास आता येतच नाही जी. सवय झाली." ही सवय नाकाची असते, मज्जेची नाही, पण हे त्याला सांगायचं कसं? तो रोज गूळ खातो. गुळानं छातीतलं निघून जाते, असं त्याच्या उस्तादानं सांगितलं. गंमत म्हणजे लखनौच्या संस्थेनं १९९४ मध्ये गुळावर खरंच निबंध छापला होता. उंदरांच्या फुप्फुसातले धुळीचे कण गुळामुळे लवकर सरकतात असं त्यात आहे. पण ती धूळ. थिनरची वाफ फुप्फुसात बसत नाही, सरळ रक्तात जाते.

सध्या आम्ही एवढंच करतो आहोत. जे पेंटर आणि पॉलिशवाले तयार आहेत त्यांच्या जुन्या सीबीसीच्या चिठ्ठ्या गोळा करतो, कामाची वर्षं, थिनर कुठून घेतात, हे त्यांच्या शब्दांत वहीत लिहितो. छेद कच्चाच आहे. हवा मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. कोणा संशोधकाला वही हवी असेल तर ती त्या माणसांना विचारून देऊ, आणि अट एकच, निकाल त्यांना मराठीत परत आला पाहिजे.

त्या पेंटरनं निघताना विचारलं, "मग कोणतं थिनर घेऊ, ते तरी सांगा." आम्ही गप्प झालो. वर्षभर वाचून त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. थिनरनं हात धुऊ नको, दोन्ही शटर उघडी ठेव, पोराला गन देऊ नको, एवढं सांगितलं. तो म्हणाला, "मागचं शटर तर जाम आहे." मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते शटर उघडलं.