‘गर्म हवा’ : प्रतिनिधित्वाची कसोटी

हिंदी चित्रपटांतील मुस्लिम समाजाच्या चित्रणाची चर्चा बहुधा पात्रांच्या संख्येभोवती किंवा ती पात्रे ‘चांगली’ की ‘वाईट’ या प्रश्नाभोवती फिरते. ही कसोटी अपुरी आहे. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) व ‘मेरे महबूब’ (१९६३) यांतील बहुतेक पात्रे मुस्लिम आहेत. परंतु अदब, पडदा आणि शायरी यांपलीकडचा त्यांचा रोजचा व्यवहार फारसा दिसत नाही. ‘शोले’ (१९७५) मधील अंध इमामसाहेब सज्जन आहेत, पण त्यांच्या वाट्याला केवळ त्याग येतो. एकाच समाजातील माणसांना परस्परांहून वेगळे असण्याची मुभा कथेत मिळते काय, हा खरा प्रश्न आहे.

एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ या कसोटीवर उतरतो. इस्मत चुगताई यांच्या अप्रकाशित कथेवर कैफी आझमी व शमा झैदी यांनी त्याची पटकथा लिहिली. सेन्सॉरने काही महिने अडवून धरल्यानंतर १९७४ मध्ये तो प्रदर्शित झाला. फाळणीनंतरच्या आग्र्यातील मिर्झा कुटुंबाची ही कथा. थोरला भाऊ हलीम सभांतून एक बोलतो आणि गुपचूप पाकिस्तानात निघून जातो. धाकटा सलीम (बलराज साहनी) जोड्यांचा कारखाना सोडायला तयार नाही. त्याचा मुलगा बाकर कंटाळून जातो; दुसरा मुलगा सिकंदर नोकरीसाठी वणवण करतो. एकाच छपराखाली इतकी मते नांदत असल्यामुळे ‘मुस्लिम मानस’ असा एकच साचा येथे उरत नाही.

अन्यायाचे चित्रणही संयत आहे. दंगलीपेक्षा कर्ज नाकारणारा सावकार आणि भाड्याने घर न देणारा मालक येथे अधिक बोचतात. हवेली हलीमच्या नावावर असल्याने सरकार ती देश सोडून गेलेल्याची मालमत्ता म्हणून ताब्यात घेते. ती मिळते अजमानी या सिंधी व्यापाऱ्याला, तोही निर्वासितच. त्याला खलनायक न करणे हा दिग्दर्शकाचा विवेक होय. हवेली सोडताना लाकडांच्या खोलीत दडून बसणारी वृद्ध आई इतिहासाचे ओझे कोणत्याही भाषणाविना सांगून जाते.

तथापि या विविधतेला मर्यादा आहेत. कारखान्यातील कारागीर पार्श्वभूमीलाच राहतात. कथा मालकाच्या घरातून पाहिली जाते. दोन वेळा लग्नाची आशा मोडलेली अमीना आत्महत्या करते. तिच्यापुढे दुसरी वाट कथेने ठेवलेलीच नाही. शेवटी स्टेशनकडे निघालेला टांगा मोर्च्यापाशी थांबतो. सिकंदर आणि सलीम मोर्च्यात मिसळतात, तर पत्नी जमिला घरी परत पाठवली जाते. सार्वजनिक जीवनातील जागा येथे पुरुषांनाच मिळते, ही गोष्ट मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या संस्थांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

मोर्च्याचा शेवट काहीसा घाईचा वाटतो. बेकारी सर्वांची समान आहे, हे तो पटवतो. घर नाकारले जाण्याचे दुःख मात्र समान नसते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही घर आणि बँकेचे कर्ज मिळवण्यातील अडचणींची नोंद आहे. सलीम मिर्झाचे प्रश्न फाळणीबरोबर संपले नाहीत, म्हणून हा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवून त्यावर चर्चा घडवावी. त्या चर्चेत त्याच्या गुणांइतकीच अमीना, जमिला आणि कारागीर यांच्याविषयीची त्याची उणीवही मांडली जावी.