शेवंडीचे माप : लांबी की वजन?

लहान शेवंड धरू नये, हे तत्त्व सर्वांनाच मान्य असते. पण 'लहान' म्हणजे केवढी, आणि ते कोठे मोजायचे, यावर नियमाचे यश ठरते. भारतात २००३ मध्ये निर्यातीच्या शेवंडीला किमान वजनाची अट घालण्यात आली. मुंबईच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या पॅन्युलिरस पॉलिफॅगस या जातीसाठी ती ३०० ग्रॅम ठरली. हेतू स्तुत्य, पण मोजण्याची राशी व जागा दोन्ही चुकल्या, असे आम्हांला वाटते.

तुलनेसाठी अमेरिकेतील मेन राज्याचा नियम पाहू. तेथे डोळ्याच्या खोबणीच्या मागील कडेपासून पाठीवरच्या कवचाच्या मागील कडेपर्यंतचे अंतर किमान सव्वातीन इंच, म्हणजे सुमारे ८३ मिलिमीटर, असावे लागते. हेच अंतर का? शेपटी सांध्यांची असल्याने आखडते व ताणली जाते. मिशा मोडतात. पाय गळाला किंवा अंगातले पाणी निथळले, की वजन घटते. कवच मात्र ताठर असते. एकदा कात टाकून ते कडक झाले, की पुढची कात टाकेपर्यंत त्याची लांबी बदलत नाही.

शिवाय हलत्या होडीत तराजू चालत नाही. ठरलेल्या मापाची खाच असलेली धातूची पट्टी चालते. ती कवचाला लावताच निकाल मिळतो, आणि लहान शेवंड जिवंतपणीच पाण्यात परत जाते. निर्यातीच्या वेळी नाकारलेली शेवंड समुद्रात परतत नाही. ती फार तर स्थानिक बाजारात विकली जाते.

वजनाच्या बाजूने एक मुद्दा आहे : व्यापार किलोवर चालतो, त्यामुळे व्यापाऱ्याला हा नियम सोयीचा वाटतो. उलट लांबीचा एकच आकडाही सर्वत्र लागू पडत नाही, कारण थंड पाण्यातील माद्या अधिक मोठ्या झाल्यावर प्रजननक्षम होतात. म्हणूनच मेनमध्ये पाच इंचांपेक्षा मोठ्या कवचाची शेवंडही सोडतात, आणि अंडी असलेल्या मादीच्या शेपटीला खूण करून ती खूण दिसते तोवर तिला अभय देतात.

चपट्या अंगाची, वाळूत राहणारी शेवंड १९९४ पर्यंत मुंबईच्या मासेमारीतून जवळजवळ नाहीशी झाली होती. निर्यातीचा नियम त्यानंतर नऊ वर्षांनी आला. वर्गात मोजमाप शिकवताना आपण 'किती अचूक?' असे विचारतो. 'कधी मोजले?' हा प्रश्नही तितकाच शास्त्रीय आहे. शेवंडीचे माप होडीतच घेतले पाहिजे.