५२ टक्के कुणाचे? सोलची धूळ आणि एका आकड्याचं वाचन

सोलमधला माझा हा तिसरा वसंत. इथे वसंत म्हणजे चेरीचा बहर, असं तुम्ही फोटोंमध्ये पाहिलं असेल. फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे त्याच दिवसांत खिडकीच्या कडेवर साचणारी पिवळसर, पिठासारखी बारीक धूळ. सकाळी उठलं की आधी फोनवर हवा बघायची आणि मग खिडकी उघडायची की नाही ते ठरवायचं, ही सवय इथे प्रत्येकाला लागते. मलाही लागली.

पण आजचा लेख धुळीपासून वाचायच्या टिप्सचा नाही. त्या शेवटी थोड्या येतील. आज मला एका आकड्याची चिकित्सा करायची आहे: '५२ टक्के'. या आकड्याने लॅब मीटिंगमध्ये माझी चांगली फजिती केली होती. संशोधनात यायच्या तयारीत असाल, तर ती फजिती तुमच्या कामाची आहे.

झालं असं. मार्च महिना, बाहेर सगळं धुरकट. लॅबमधला एक मुलगा वैतागून म्हणाला, "सगळं चीनमधून येतं." मी लगेच पुढे सरसावले. "नाही, नासाच्या अभ्यासात ५२ टक्के प्रदूषण कोरियाचंच निघालंय." आपण वस्तुस्थिती सांगितली, असं वाटून मी खूश. आमचे एक सॉनबे (म्हणजे लॅबमधले सीनियर) शांतपणे म्हणाले, "कोणत्या महिन्यांत?" मला माहीत नव्हतं. मी अहवाल वाचलाच नव्हता. बातमीचा मथळा वाचला होता.

आधी शब्द नीट लावू

कोरियन बोलण्यात दोन शब्द सारखे येतात: ह्वांग्सा आणि मिसेमोंजी. नव्या माणसाला दोन्ही म्हणजे 'धूळ' असंच वाटतं. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ह्वांग्सा म्हणजे पिवळी वाळू. ही खरीखुरी माती. मंगोलियातलं आणि चीनच्या उत्तरेकडचं गोबी वाळवंट, आतला मंगोलिया, लोएसचं पठार इथली. वसंतात बर्फ वितळलेलं असतं, जमीन कोरडी पडलेली असते आणि गवत अजून उगवलेलं नसतं. अशा वेळी जोराचं वारं आलं की माती उंच उचलली जाते आणि पश्चिमी वाऱ्यांबरोबर एक-दोन दिवसांत कोरियात पोचते. हे कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. 'सामगुक सागी' या जुन्या इतिहासग्रंथात इ.स. १७४ सालीच 'मातीचा पाऊस' पडल्याची नोंद आहे. हे कण त्यामानाने जाडे असतात, त्यामुळे पीएम १० चा आकडा उसळतो.

मिसेमोंजी म्हणजे बारीक धूळ. लोक हा शब्द वापरतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात पीएम २.५ असतं: गाड्या, वीजकेंद्रं, कारखाने, शेती यांतून निघालेल्या वायूंपासून हवेतच तयार होणारे कण. पण सरकारी व्याख्येत मिसेमोंजी म्हणजे पीएम १०, आणि पीएम २.५ ला म्हणतात छोमिसेमोंजी, म्हणजे 'अतिबारीक'. आणि विज्ञानात 'अतिसूक्ष्म' म्हणजे ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान कण! एकच शब्द बातमीत, कायद्यात आणि पेपरमध्ये तीन अर्थांनी येतो. म्हणून पहिला नियम: शब्दावर जाऊ नका, त्याच्यापुढचा आकडा आणि एकक बघा.

आता माझं त्या दिवशीचं वाक्य पुन्हा वाचा. अभ्यासातले ५२ टक्के पीएम २.५ चे होते. बाहेर धुरकट दिसत होतं ते काय होतं, हे मी तपासलंच नव्हतं. ती ह्वांग्सा असती तर माझा आकडा त्या हवेबद्दल काहीच बोलत नव्हता.

आकडा आला कुठून?

२०१६ च्या मे-जूनमध्ये नासा आणि कोरियाची राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था यांनी मिळून 'कोरस-एक्यू' ही मोहीम केली. डीसी-८ विमानातून हवेची मोजमापं, जमिनीवर केंद्रं, जोडीला संगणकी मॉडेल. २०१७ मध्ये प्राथमिक अहवाल आला. सोलच्या ऑलिम्पिक पार्कमधल्या केंद्रावरच्या पीएम २.५ पैकी ५२ टक्के देशांतर्गत, ३४ टक्के चीनमधून, ९ टक्के उत्तर कोरियातून, असा हिशोब त्यात होता. 

अहवाल चांगला आहे, हे आधी स्पष्ट सांगते. 'सगळं बाहेरूनच येतं' या सोयीच्या समजुतीला त्याने मोजमापाचं उत्तर दिलं. कण थेट धुराड्यातून कमी येतात आणि वायूंपासून हवेत जास्त तयार होतात, हेही ठळकपणे पुढे आणलं. धोरण आखणाऱ्याला हे दुसरं निरीक्षण टक्केवारीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

पण आकड्याला दोन शेपट्या आहेत. एक, ठिकाण: शहरातलं एक केंद्र. दोन, आणि जास्त महत्त्वाची, काळ: मे आणि जूनचा पूर्वार्ध. कोरियात पीएम २.५ चा खरा त्रास असतो तो हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला, जेव्हा वारे पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतात. मे-जूनपर्यंत वाऱ्यांची तऱ्हा बदलू लागलेली असते. म्हणजे मी जूनचा आकडा मार्चच्या हवेवर चिकटवला होता. आपल्याकडे कुणी श्रावणातली हवा मोजून दिवाळीबद्दल बोललं तर आपण हसू ना? तसंच.

आता दुसरा आकडा बघा. ११ ते १५ जानेवारी २०१९ या पाच दिवसांत कोरियात पीएम २.५ प्रचंड वाढलं होतं. त्याच राष्ट्रीय संस्थेच्या विश्लेषणात बाहेरचा वाटा ६९ ते ८२ टक्के, सरासरी ७५ टक्के निघाला. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोरिया, चीन आणि जपान यांचा संयुक्त अभ्यास जाहीर झाला. २०१७ या पूर्ण वर्षाच्या सरासरीत कोरियाच्या मोठ्या शहरांत देशांतर्गत वाटा ५१ टक्के आणि चीनचा ३२ टक्के.

देशाबाहेरचा वाटा एकीकडे निम्म्याहून कमी आणि दुसरीकडे पाऊण. यात खोटं कोण? कुणीच नाही. एक उत्तर सहा आठवड्यांचं आहे, एक सर्वांत वाईट पाच दिवसांचं आणि एक वर्षभराच्या सरासरीचं. प्रश्नच वेगवेगळे आहेत. भांडण होतं ते लोक प्रश्न गाळून फक्त उत्तर उचलतात म्हणून. मीही तेच केलं होतं.

'वाटा' म्हणजे नक्की काय?

इथे जरा थांबू, कारण पेपर वाचताना बहुतेकांचं हे निसटतं. हवेतल्या कणावर कुठल्या देशाचा शिक्का नसतो. मग टक्के काढतात कसे? एक नेहमीची पद्धत अशी: मॉडेल एकदा सगळ्या उत्सर्जनासह चालवायचं, मग एका प्रदेशाचं उत्सर्जन कमी किंवा बंद करून पुन्हा चालवायचं. दोन उत्तरांतला फरक म्हणजे त्या प्रदेशाचा 'वाटा'.

ऐकायला सरळ वाटतं, पण रसायनशास्त्र बेरजेने चालत नाही. अमोनियम नायट्रेटचा एक कण घ्या. त्यातलं नायट्रेट आलं नायट्रोजन ऑक्साइडपासून, म्हणजे गाड्या आणि वीजकेंद्रांतून. अमोनिया आला शेती आणि गोठ्यांतून. समजा नायट्रोजन ऑक्साइड समुद्रापलीकडून आलं आणि अमोनिया इथला आहे. पलीकडचं बंद केलं तर कण तयार होत नाही. इथलं बंद केलं तरी होत नाही. मग तो कण कुणाचा? या पद्धतीने दोघांचाही पूर्ण! म्हणून सगळ्यांचे वाटे मिळवले तर बेरीज शंभर येईलच असं नाही, आणि आली तर ती शंभरावर कशी बसवली हे विचारायला हवं.

माझी टीका इथे आहे. अभ्यास करणाऱ्यांना हे सगळं माहीत असतं आणि तारखा, ठिकाण, पद्धत अहवालात दिलेलीही असते. पण दोन देशांत आरोप-प्रत्यारोप चालू असताना सारांशात एक गोल आकडा दिला, तर लोक फक्त तोच उचलणार, हे कळायला वेगळी पीएचडी लागत नाही. अट आकड्याच्या शेजारी, त्याच वाक्यात हवी. 'मे-जून २०१६ मध्ये, एका केंद्रावर, ५२ टक्के.' वाक्य जरा लांबतं, पण ते कापून मथळा करणाऱ्याला थोडे कष्ट पडतात.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण चांगलं संशोधन टीकेला असंच उत्तर देतं. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'एशिया-एक्यू' ही नवी मोहीम झाली. पुन्हा डीसी-८, पुन्हा कोरिया, सोबत आशियातले आणखी काही देश. या वेळी ऋतू होता नेमका तो, जो २०१६ मध्ये सुटला होता.

मग मी रोज काय करते?

पहिलं: पीएम १० आणि पीएम २.५ वेगवेगळे बघते. पहिला उसळलाय आणि दुसरा बेताचा आहे, तर बहुधा ह्वांग्सा. दोन्ही चढलेत किंवा फक्त दुसराच चढलाय, तर प्रदूषण.

दुसरं: माझ्या टेबलावरच्या स्वस्त सेन्सरवर ह्वांग्साच्या दिवशी विश्वास ठेवत नाही. हा धडा खोकून शिकले. एकदा तो हिरवा दिवा दाखवत होता म्हणून हान नदीकाठी पळायला गेले आणि रात्रभर घसा धरला. नंतर सरकारी केंद्राचा आकडा पाहिला, तर पीएम १० तीनशेच्या वर. असे सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात. बारीक कण त्यांना बरे दिसतात, जाडे फारसे दिसत नाहीत, आणि पीएम १० चा आकडा ते बराचसा अंदाजाने भरतात. उपकरण बिघडलेलं नव्हतं. मी त्याला न येणारा प्रश्न विचारला होता.

तिसरं: मास्क. 'केएफ ९४' म्हणजे सरासरी ०.४ मायक्रॉनचे निदान ९४ टक्के कण अडवणारा. पण हे झालं कापडाचं. नाकाशेजारी फट असेल तर हवा फटीतून जाते, त्यामुळे आधी क्लिप नीट दाबा. आणि धुऊन पुन्हा वापरू नका. त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, तो धुण्याने उतरतो.

चौथं: खिडक्या बंद ठेवून एका खोलीत फोडणी देऊ नका! बाहेरच्या हवेला शिव्या देता देता आपण आत कढईतून पीएम २.५ तयार करत असतो.

वाचताना विचारायचे पाच प्रश्न

कुठलाही 'इतके टक्के' दिसला की वहीत हे लिहा. कशाचे टक्के? कुठे मोजले? कधी, आणि किती काळाची सरासरी? 'वाटा' कुठल्या पद्धतीने काढला? आणि हीच गोष्ट दुसऱ्या ऋतूत मोजली तर उत्तर टिकेल का? पाचही उत्तरं मिळेपर्यंत तो आकडा स्वतःच्या प्रपोजलमध्ये घालू नका, आणि लॅब मीटिंगमध्ये तर नकोच नको.

एक गोष्ट राहिली. मी चंद्रपूरची. कोळसा आणि वीजकेंद्राच्या गावची. दोरीवरचे पांढरे कपडे राखाडी होऊनच आत यायचे आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. बाबा फोनवर नेहमी विचारतात, "बेटा, तिकडे हवा तं चांगली असन न?" एकदा त्यांना म्हटलं, आज इथे 'वाईट' दाखवतंय. काळजीत पडले. आकडा होता ४८, दिवसभराची सरासरी, पीएम २.५.

मग मी दोन्हीकडची कोष्टकं शेजारी ठेवली. कोरियात ३६ ते ७५ म्हणजे 'वाईट'. भारताच्या निर्देशांकात ३१ ते ६० म्हणजे 'समाधानकारक'. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची शिफारस आहे १५. हवा तीच, फुप्फुसं तीच, पण सोलमध्ये जो आकडा बघून लोक मास्क लावतात, तोच चंद्रपुरात दिसला तर समाधान मानायला सांगितलं जातं. सीमारेषा कुठे आखायची हा निर्णय धोरणाचा असतो. त्याला अडचणी असतात, कारणं असतात, पण तो निसर्गनियम नसतो.

मी बाबांना सांगितलं, शब्द बघू नका, आकडा बघा. आता ते रोज सकाळी मला तिकडचा आकडा पाठवतात. बहुतेक दिवशी तो माझ्या आकड्यापेक्षा मोठा असतो, आणि त्याच्यापुढे लिहिलेला शब्द माझ्या शब्दापेक्षा सौम्य.